टॅटूच्या खुर्चीत बसण्यापूर्वी: नवख्यांसाठी या धंद्याची भाषा

‘सध्या बुक्स बंद आहेत, पण शनिवारी फ्लॅश डे आहे, त्या दिवशी वॉक-इन घेतो, लायनिंग आणि व्हिप शेडिंग एका सिटिंगमध्ये होईल, पॅकिंग मात्र हील झाल्यावर.’ पहिल्यांदाच टॅटू काढायला निघालेल्या माणसाला असे उत्तर मिळाले, तर वार तेवढा कळतो. टॅटूच्या धंद्यात गेल्या शंभरेक वर्षांत एक स्वतंत्र बोली तयार झाली आहे. तिच्यातले काही शब्द कामाच्या गरजेतून आले, काही निव्वळ थट्टेतून, आणि काही असे आहेत की ते उच्चारले तर समोरचा कलाकार नाराज होतो. या सगळ्या शब्दांना सारखेच महत्त्व देण्याचे कारण नाही. शैलींची नावे पाठ असली म्हणून टॅटू चांगला उतरत नाही; कामातले दोष ज्यांनी ओळखले जातात ते चार-पाच शब्द मात्र नीट समजले, तर कलाकार निवडताना त्यांचा खरा उपयोग होतो. म्हणून या लेखात त्यांना जागाही जास्त दिली आहे.

ठरवाठरवीचे शब्द

फ्लॅश म्हणजे कलाकाराने आधीच काढून, रंगवून तयार ठेवलेली चित्रे. ग्राहकाने त्यांतले एक निवडायचे आणि ते जसेच्या तसे गोंदवून घ्यायचे. एकच फ्लॅश अनेकांच्या अंगावर निघणार असेल तर ती ‘रिपीटेबल’, आणि एकदा काढल्यावर पुन्हा काढली जाणार नसेल तर ‘वन-ऑफ’. याउलट ‘कस्टम’ काम म्हणजे ग्राहकाची कल्पना ऐकून, शरीराच्या त्या भागाचा आकार पाहून, फक्त त्याच्यासाठी आखलेले चित्र. या दोहोंच्या मध्ये ‘वाना-डू’ नावाचा एक प्रकार आहे: कलाकाराला स्वतःला जे करून पाहावेसे वाटते, अशी त्याने काढून ठेवलेली चित्रे. ज्याची कल्पना पक्की झालेली नाही त्याने वाना-डूकडे जरूर पाहावे, कारण त्या चित्रांत कलाकाराचे मन आधीच गुंतलेले असते आणि ते कामात दिसते. दुसऱ्या कोणाचे कस्टम काम ‘रेफरन्स’ म्हणून दाखवायला हरकत नाही, पण ‘अगदी हेच हवे’ असा आग्रह धरणे या क्षेत्रात असभ्य समजले जाते.

‘बुक्स ओपन’ याचा अर्थ कलाकार पुढच्या काही काळासाठी नव्या नोंदी घेत आहे, ‘बुक्स बंद’ म्हणजे घेत नाही. ठरलेल्या वेळेशिवाय आलेला ग्राहक ‘वॉक-इन’. नोंद करताना द्यायची रक्कम म्हणजे डिपॉझिट. ती शेवटच्या बिलातून वजा होते, मात्र ग्राहक आयत्या वेळी आलाच नाही तर बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. ‘शॉप मिनिमम’ ही सर्वांत लहान कामासाठीही आकारली जाणारी किमान रक्कम असते. एवढ्याशा ठिपक्याला इतके पैसे कशाला, असे नवख्यांना वाटते. पण सुई, शाईच्या कुप्या, हातमोजे, टेबलावरची आवरणे आणि सगळी जागा निर्जंतुक करण्याची मेहनत ठिपक्यालाही तितकीच लागते. आपले नेहमीचे दुकान सोडून दुसऱ्याच्या स्टुडिओत काही दिवस पाहुणा म्हणून काम करणाऱ्या कलाकाराच्या मुक्कामाला ‘गेस्ट स्पॉट’ म्हणतात, आणि कलाकाराच्या हाताखाली शिकणारा ‘अप्रेंटिस’. अप्रेंटिस आधी कृत्रिम कातडीवर हात बसवतो आणि मग माणसांकडे वळतो. त्याच्याकडून टॅटू काढून घेणे स्वस्त पडते आणि त्यात गैर काही नाही, फक्त तो शिकाऊ आहे हे ग्राहकाला आधी सांगितलेले असले पाहिजे.

टेबलावरची अवजारे

प्रत्यक्ष कामाची सुरुवात स्टेन्सिलने होते. कातडीवरची लव वस्तऱ्याने काढली जाते, जागा स्वच्छ पुसली जाते, तिच्यावर एक चिकटसर द्रव पातळ थरात चोळला जातो आणि चित्राचा कागद त्यावर हलक्या हाताने दाबला जातो. कागद सोलला की जांभळ्या रेघांचे चित्र कातडीवर उरते. हीच घाई न करण्याची वेळ आहे. उभे राहून, हात सैल सोडून, आरशात पाहावे. पडून असताना सरळ दिसलेले चित्र उभे राहिल्यावर तिरके दिसू शकते, कारण कातडी स्नायूंबरोबर फिरते. स्टेन्सिल पुसून पुन्हा लावणे ही काही मिनिटांची गोष्ट आहे आणि चांगला कलाकार त्याबद्दल कुरकुर करत नाही. स्टेन्सिलशिवाय, थेट पेनाने कातडीवर आखणी करून काम करण्याला ‘फ्रीहँड’ म्हणतात. खांदा किंवा मांडी यांसारख्या वळणदार भागांवर ते विशेष शोभते.

यंत्राला ‘टॅटू गन’ म्हणू नये. हा शब्द सर्वत्र ऐकू येतो, पण बहुतेक कलाकारांना तो खटकतो. ते ‘मशीन’ म्हणतात. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ’रायली यांनी १८९१ मध्ये घेतले, आणि त्यांचे यंत्र थॉमस एडिसन यांच्या विजेच्या लेखणीवर आधारलेले होते. आज दोन मुख्य प्रकार दिसतात. ‘कॉइल’ मशीनमध्ये विद्युतचुंबक एक पट्टी खाली ओढतो, त्याबरोबर विजेचा जोड तुटतो, स्प्रिंग पट्टीला पुन्हा वर आणते आणि जोड पुन्हा लागतो. टॅटूच्या दुकानाशी जोडला गेलेला तो सततचा गुणगुणाट याच घडामोडीचा असतो. ‘रोटरी’ मशीनमध्ये मोटर फिरते आणि तिची फिरकी सुईला वरखाली नेते. तिचा आवाज कमी असतो आणि वजन हलके. जाड पेनासारखी दिसणारी आणि आता सर्वत्र पसरलेली ‘पेन मशीन’ ही रोटरीच आहे. तिच्यात ‘कार्ट्रिज’ बसवतात, म्हणजे सुयांचा झुबका आणि त्याची नळी एकत्र असलेले, एकदाच वापरून टाकून द्यायचे टोक.

सुयांच्या वेष्टनावरचा आकडा नवख्याला गूढ वाटतो, पण तो वाचणे सोपे आहे. ‘१२०७ आरएल’ असे लिहिले असेल, तर पहिले दोन अंक एकेका सुईची जाडी सांगतात: १२ म्हणजे ०.३५ मिलिमीटर, १० म्हणजे ०.३० आणि ०८ म्हणजे ०.२५. पुढचे ०७ म्हणजे झुबक्यात सात सुया आहेत. शेवटची अक्षरे रचना सांगतात. आरएल म्हणजे राउंड लायनर, रेघांसाठी घट्ट गोलात बांधलेल्या सुया. आरएस म्हणजे राउंड शेडर, त्याच पण थोड्या सैल. ‘मॅग्नम’मध्ये सुया दोन ओळींत पसरलेल्या असतात आणि त्यांनी मोठी जागा भरली जाते, त्यांची टोके कमानीसारखी वळवलेली असली तर ती ‘कर्व्ह्ड मॅग्नम’, आणि ती कातडीला कमी दुखवते. बारीक जाडीच्या सुयांना ‘बगपिन’ म्हणतात. या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात. शाई त्यांच्या मधल्या फटींत धरून राहते.

वेष्टन ग्राहकासमोर फोडले गेले पाहिजे. जिथे पुन्हा वापरायची धातूची पकड असते, तिथे ‘ऑटोक्लेव्ह’ हा शब्द ऐकू यायला हवा: हे दाबाखालच्या वाफेचे यंत्र असून साधारण १२१ अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटे ठेवून अवजारे निर्जंतुक केली जातात. नुसत्या उकळत्या पाण्याला किंवा स्पिरिटच्या बोळ्याला ऑटोक्लेव्हची बरोबरी नाही.

शाईबद्दल दोन गोष्टी पुरेत. ‘ग्रे वॉश’ म्हणजे काळ्या शाईत पाणी मिसळून केलेल्या फिक्या-गडद छटा. काळ्या-करड्या कामातली सगळी खोली त्यांतूनच येते. आणि शाईची ॲलर्जी हा गमतीचा विषय नाही. तक्रारी सर्वांत जास्त लाल रंगाच्या असतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आहेत.

हाताचे काम

‘लायनिंग’ म्हणजे रेघा ओढणे, आणि ‘शेडिंग’ म्हणजे छटा देणे. रेघ ओढताना दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी लागते. या ‘स्ट्रेच’वर रेघेची सफाई मशीनपेक्षाही जास्त अवलंबून असते. ‘व्हिप शेडिंग’मध्ये सुई झटक्याने बाहेरच्या बाजूला उचलली जाते आणि ठिपके गडदाकडून विरळ होत जातात. ते ठिपके ठळक, मिऱ्याच्या पुडीसारखे दिसले तर त्याला ‘पेपर शेडिंग’ म्हणतात. ‘पॅकिंग’ म्हणजे एखादी जागा रंगाने गच्च भरणे, आणि ती किती गच्च भरली गेली आहे ते ‘सॅच्युरेशन’. ‘ब्लडलाइन’ हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही: काळ्या बाह्यरेषेशिवाय रंगवायच्या भागाची हद्द पाण्याने किंवा अगदी फिक्या करड्याने आखून घेतात, ती रेघ पुढे दिसेनाशी होते.

दोष ओळखण्याचे शब्द

हे शब्द कळण्यासाठी शाई कुठे जाते ते आधी कळले पाहिजे. वरची बाह्यत्वचा सतत झडते आणि साधारण महिनाभरात नवी होते, त्यामुळे तिथे अडकलेली शाई टिकत नाही. तिच्याखालच्या अंतस्त्वचेत शाई पोहोचली की शरीर तिला परके कण समजते आणि भक्षकपेशी तिला गिळतात. पण कण मोठे असल्याने त्यांना त्यांचा निकाल लावता येत नाही आणि शाई त्या पेशींच्या पोटातच राहते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरच्या एका संशोधनात असे आढळले की अशी पेशी मेली की सुटलेली शाई तिच्या जागी आलेली नवी पेशी पुन्हा गिळते. टॅटू कायमचा राहतो तो शरीराच्या या न संपणाऱ्या साफसफाईमुळे. अंतस्त्वचेच्याही खाली चरबीचा थर असतो. म्हणजे सुईला काम करायला मिळतो तो पृष्ठभागाखाली साधारण एक ते दोन मिलिमीटरचा पट्टा, आणि तोही मनगटावर, पाठीवर आणि पापणीजवळ सारखा नसतो.

सुई या पट्ट्याच्या खाली गेली की ‘ब्लोआउट’ होतो: शाई चरबीच्या थरात पसरते आणि रेघेभोवती निळसर-करडी सावली उमटते. पातळ कातडीच्या जागी, म्हणजे मनगटाची आतली बाजू, घोटा, दंडाचा आतला भाग, पावलाची वरची बाजू इथे तो जास्त दिसतो. ताज्या टॅटूभोवतीची निळसर झाक कधीकधी नुसता मुका मार असतो आणि काही दिवसांत जातो, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये. आठवड्यांनंतरही सावली तशीच राहिली तर तो ब्लोआउट आणि तो आपोआप जात नाही. सुई वरच्यावर राहिली तर उलटा प्रकार होतो आणि बरे होताना रेघ तुटक पडते. याला ‘फॉलआउट’ म्हणतात. ‘हॉलिडे’ हा शब्द मात्र खास दुकानी विनोदातला आहे: भरलेल्या रंगात सुईने जणू सुट्टी घेतल्यासारखी राहून गेलेली मोकळी जागा. हॉलिडे हा क्षम्य दोष आहे, कारण तो नंतर भरता येतो. ‘ओव्हरवर्क्ड’ किंवा ‘च्यूड अप’ कातडी हा गंभीर दोष आहे. एकाच जागेवर पुन्हा पुन्हा सुई फिरवल्याने कातडी चेंदल्यासारखी होते, जाड खपल्या धरते, खपलीबरोबर रंग निघून जातो आणि कधी उंचवटा कायमचा राहतो.

म्हणूनच ‘फ्रेश’ आणि ‘हील्ड’ ही जोडी माझ्या मते या सगळ्या शब्दसंग्रहातली सर्वांत मोलाची आहे. काम संपल्याबरोबर काढलेल्या छायाचित्रात काळा रंग कुळकुळीत दिसतो, रेघा धारदार दिसतात आणि वर सांगितलेल्यांपैकी जवळजवळ कोणताच दोष ओळखू येत नाही. बरे झालेले, शक्य तर वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे काम पाहायला मागावे. ज्याच्याकडे फक्त फ्रेश छायाचित्रे आहेत, त्याच्याबद्दल अजून काहीच सिद्ध झालेले नाही.

या सगळ्या दोषांची खाण असलेल्या माणसाला ‘स्क्रॅचर’ म्हणतात, म्हणजे रीतसर न शिकता, स्वच्छतेचे नियम न पाळता, घरच्या घरी ऑनलाइन मागवलेल्या संचावर धंदा करणारा. हा शब्द अपमानकारक आहे आणि तो तसाच वापरला जातो.

बरे होण्याचा काळ

पहिले एक-दोन दिवस शाईमिश्रित पाणी झिरपते, त्याला ‘वीपिंग’ म्हणतात. पुढे पातळ पापुद्रे सुटतात ते ‘पीलिंग’. ते ओढून काढू नयेत. त्यानंतर काही काळ कातडी चकचकीत आणि टॅटू धुरकट दिसतो, ही ‘सिल्व्हर स्किन’ किंवा ‘मिल्की’ अवस्था, आणि इथे बऱ्याच जणांना रंग गेला असे वाटून धास्ती बसते. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत सांधते, आतले काम त्याहून बरेच लांबते. ‘सेकंड स्किन’ म्हणजे ताज्या टॅटूवर काही दिवस ठेवायचे पारदर्शक चिकट आवरण. लांब सिटिंगनंतर अंग मोडून येते, थंडी वाजल्यासारखे होते, त्याला गमतीने ‘टॅटू फ्लू’ म्हणतात. पण लाली पसरत चालली, पू दिसला किंवा खरोखर ताप चढला, तर तो बोलीभाषेचा विषय राहत नाही आणि डॉक्टरांकडे जावे.

शैली, जागा आणि थोडी थट्टा

‘ट्रॅडिशनल’ किंवा ‘ओल्ड स्कूल’ म्हणजे जाड काळ्या रेघा, मोजके रंग, नांगर, गुलाब, पाकोळ्या. होनोलुलूमध्ये दुकान चालवणारे नॉर्मन कॉलिन्स (१९११–१९७३), ज्यांना जग ‘सेलर जेरी’ म्हणून ओळखते, हे या शैलीतले सर्वांत प्रसिद्ध नाव. ‘बोल्ड विल होल्ड’ ही म्हण याच परंपरेतली: ठळक असेल ते टिकेल. दुसऱ्या टोकाला ‘फाइन लाइन’ आणि ‘सिंगल नीडल’ आहेत. एका सुईच्या काळ्या-करड्या कामाची मुळे कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत आहेत आणि १९७० च्या दशकात पूर्व लॉस एंजेलिसमधल्या दुकानांनी ते मुख्य प्रवाहात आणले. कातडीतली प्रत्येक रेघ वर्षांगणिक थोडी फुगते. जाड रेघेला ते पचते, पण एकमेकींना खेटून काढलेल्या बारीक रेघा कालांतराने मिसळू शकतात. फाइन लाइन काढूच नये असे नव्हे. नखाएवढ्या जागेत अख्खे निसर्गचित्र मागू नये, इतकेच.

जपानी परंपरेत ‘इरेझुमी’ हा मोठ्या, अंगभर पसरणाऱ्या कामाचा शब्द, आणि ‘तेबोरी’ म्हणजे दांडीला बांधलेल्या सुयांनी हाताने केलेले काम. जपानमध्ये १८७२ ते १९४८ या काळात गोंदण्यावर बंदी होती, तरीही हे तंत्र टिकले. छातीवर मधोमध उभी मोकळी पट्टी सोडणाऱ्या रचनेला ‘मुनेवारी’ म्हणतात. ‘ब्लॅकवर्क’ म्हणजे फक्त काळ्या शाईचे काम, ‘डॉटवर्क’ ठिपक्यांचे, ‘हँड-पोक’ यंत्राशिवाय हाताने टोचून केलेले. जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये जन्मलेली काळ्या-लाल चिकटचित्रांसारखी शैली म्हणजे ‘ट्रॅश पोल्का’. बाकीची नावे चित्र पाहिले की आपोआप कळतात.

‘स्लीव्ह’ म्हणजे पूर्ण हात झाकणारे काम, ‘हाफ स्लीव्ह’ कोपरापर्यंत, आणि सुट्या चित्रांमध्ये मोकळी जागा ठेवून भरलेला हात तो ‘पॅचवर्क स्लीव्ह’. त्या मोकळ्या जागांत नंतर बसवलेली लहान चित्रे म्हणजे ‘फिलर’. कोपराच्या आतल्या किंवा गुडघ्याच्या मागच्या खळग्याला ‘डिच’ म्हणतात आणि तिथले दुखणे ‘स्पायसी’. न हलता बसणारा ग्राहक ‘गुड सिटर’, दुखणे असह्य होऊन सिटिंग मध्येच थांबवणारा ‘टॅप आउट’ करतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हात, मान आणि चेहरा यांवरच्या टॅटूंना ‘जॉब स्टॉपर’ म्हणतात. नोकऱ्यांचे नियम सैल झाले असले तरी अनेक कलाकार नवख्याचा पहिला टॅटू तिथे काढायला आजही नकार देतात. कमरेच्या मागच्या टॅटूसाठी रूढ असलेला ‘ट्रॅम्प स्टॅम्प’ हा शब्द बायकांना हिणवणारा आहे. ‘लोअर बॅक’ म्हटले की काम भागते.

दुरुस्तीचे शब्द

‘टच-अप’ म्हणजे बरे झाल्यावर राहिलेल्या जागा भरणे. बरेच कलाकार ठरावीक मुदतीत तो विनामूल्य करतात, मात्र बोटे आणि तळवे बहुधा त्यातून वगळलेले असतात, कारण तिथे रंग नीट धरत नाही. ‘रीवर्क’मध्ये जुने चित्र तेच ठेवून रेघा आणि रंग नव्याने केले जातात. ‘कव्हर-अप’ म्हणजे जुने चित्र नव्याखाली लपवणे. गडदावर फिके चढत नाही, त्यामुळे नवे चित्र जुन्यापेक्षा बरेच मोठे आणि गडद होते, आणि कलाकाराने तसे सांगितले तर तो पैसे वाढवतो आहे असा अर्थ काढू नये. ‘ब्लास्ट-ओव्हर’मध्ये जुने लपवायचा प्रयत्नच नसतो, त्याच्यावरून ठळक काळे चित्र काढले जाते आणि मधून जुने दिसत राहते. ‘ब्लॅकआउट’ म्हणजे पूर्ण भाग काळा करून टाकणे.

‘लेसर फेडिंग’ कव्हर-अपच्या आधी जुने चित्र फिके करण्यासाठी करतात, ‘रिमूव्हल’ ते शक्य तितके काढून टाकण्यासाठी. लेसरचे अतिशय अल्पकाळाचे झोत शाईचे कण फोडतात आणि बारीक झालेले कण शरीर हळूहळू वाहून नेते. म्हणून बैठका काही आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. काळा रंग सर्वांत सहज जातो, हिरवा आणि निळा जास्त त्रास देतात. पांढऱ्या आणि त्वचेच्या रंगाच्या शाया तर लेसरखाली उलट काळवंडू शकतात, कारण त्यांतल्या टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाच्या ऑक्साइडमध्ये रासायनिक बदल होतो. त्यामुळे अशा रंगांच्या टॅटूवर सगळीकडे झोत मारण्यापूर्वी एका कोपऱ्यात लहानशी ‘टेस्ट स्पॉट’ करून काही आठवडे थांबतात.